शंभर टक्के कल

"पासिंग किती मार्कांना आहे?" बिराजदार सरांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर, यात पासिंग नसतं. ही कल चाचणी आहे. मुलांचा कल कशाकडे आहे, एवढंच यातून कळतं."

"मग चाचणी कशाला म्हणतात?"

टेबलावर पुण्याच्या एका संस्थेकडून आलेलं जाडजूड पाकीट उघडं पडलं होतं. दहावीच्या वर्गासाठी बासष्ट प्रश्नपत्रिका, तेवढ्याच उत्तरपत्रिका आणि एक सूचनापत्र. सूचनापत्राचं पहिलंच वाक्य होतं, 'या चाचणीत कोणतेही उत्तर बरोबर किंवा चूक नसते.' सरांनी ते दोनदा वाचलं आणि पाकिटाखाली सरकवून दिलं. असं वाक्य लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी शाळा चालवली नसावी, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या माळसांगवीच्या लोकजागर विद्यालयात मी शिक्षणसेवक होतो. तीन वर्षांची सेवा येत्या जूनमध्ये संपणार होती आणि मुख्याध्यापकांची शिफारस गेली की मी कायम होणार होतो. व्यवसाय मार्गदर्शन शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली ती माझे तास सगळ्यांत कमी होते म्हणून. त्यासाठी मी तीन दिवसांचं प्रशिक्षणही घेतलं होतं. पहिला दिवस उद्घाटनात आणि तिसरा समारोपात गेला. मधल्या दिवशी मला ताप होता.

ओढ्यापलीकडची कन्याशाळा दरवर्षी बोर्डाच्या निकालात आमच्या पुढे असायची. बिराजदार सरांच्या मनाला ते फार लागायचं. आता पुण्याच्या पाकिटाने त्यांना एक नवं मैदान दिसलं. बोर्डात नाही तर नाही, कल चाचणीत आपण जिल्ह्यात पहिलं यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. "एकही मूल मागे राहता कामा नये, वाघचवरे," ते मला म्हणाले. "तुमच्या शिफारशीचा कागद मी या निकालाला जोडूनच पाठवणार आहे."

त्याच दुपारी शिक्षकांची बैठक बसली. प्रश्नपत्रिका फोडून बरोबर उत्तरं ठरवायची होती. पहिलाच प्रश्न असा होता : रविवारी सकाळी मोकळा वेळ मिळाला तर तुम्ही काय कराल? बंद पडलेलं घड्याळ उघडून बघाल, शेजारच्या आजारी माणसाजवळ बसाल, गोष्ट लिहाल, की मित्रांना जमवून सहल ठरवाल? विज्ञानाचे सर म्हणाले, अर्थात घड्याळ. मराठीच्या बाई म्हणाल्या, गोष्ट सोडून दुसरं काही लिहिणारं मूल त्यांना आपलं म्हणता येणार नाही. खेळाचे सर सहलीवर अडून बसले. पहिल्या प्रश्नालाच पाऊण तास गेला आणि असे एकशेवीस प्रश्न होते.

शेवटी बिराजदार सरांनी तोडगा काढला. ते म्हणाले, "शिक्षणाधिकारी समोर बसलेत असं समजा. चांगलं मूल काय सांगेल?"

चांगलं मूल आजारी माणसाजवळ बसेल, यावर एकमत झालं. मग पुढचं सगळं सोपं गेलं. जत्रेत तुमचं लक्ष कुठे जातं? हरवलेल्या मुलाकडे. पुस्तकात काय वाचायला आवडतं? थोरांच्या त्यागाच्या गोष्टी. यंत्र बिघडलं तर काय कराल? आधी कुणाला इजा झाली नाही ना ते पाहीन. संध्याकाळपर्यंत एकशेवीस उत्तरं तयार झाली आणि त्यातलं एकही उत्तर असं नव्हतं की ज्याने गावातल्या कुठल्या पालकाची मान खाली जावी.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात ते आठ मी जादा तास घेऊ लागलो. मुलं पाढे म्हणावेत तशी म्हणायची : एक ब, दोन ड, तीन ब, चार अ. तीन आठवड्यांत बहुतेकांचं पाठ झालं. चौथ्या बाकावर अंबिका म्हेत्रे नावाची मुलगी बसायची. मार्केट यार्डाच्या रस्त्याला तिच्या वडिलांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारी उघडून त्यात ते तांब्याची नवी तार भरत. शाळा सुटली की ती दुकानात बसायची, त्यामुळे तिच्या नखांच्या कडा कायम वार्निशने काळ्या असायच्या. एका सकाळी तिने हात वर केला आणि विचारलं, "सर, पण मला खरंच घड्याळ उघडून बघावंसं वाटलं तर?"

मी म्हणालो, "रविवारी बघ. चाचणीत आजारी माणसाजवळ बस."

वर्ग हसला. मीही हसलो.

चाचणी डिसेंबरात झाली. उत्तरं पेन्सिलने गोल काळे करून द्यायची होती. मुलं निघून गेल्यावर मी गठ्ठा चाळत बसलो. सगळ्या उत्तरपत्रिका एकमेकींच्या बहिणी असाव्यात तशा दिसत होत्या. एक मात्र वेगळी होती. मी अंबिकाला व्हरांड्यातून परत बोलावलं आणि विचारलं, पाठ झालं नव्हतं का. तिने सगळं पाठ होतं म्हणून सांगितलं आणि खात्री पटावी म्हणून पहिले तीस घडाघडा म्हणूनही दाखवले. मग शांतपणे म्हणाली, "सर, सूचना वाचल्या मी. त्यात बरोबर-चूक नसतं असं छापलंय. आणि माझे बाबा या कागदावर ठरवणार आहेत."

हळूहळू कळलं ते असं. तिला दहावीनंतर सोलापूरच्या आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा होता. मुलीच्या जातीला हे काम नको, असं वडिलांचं म्हणणं होतं. मुलगी मागे हटेना तेव्हा ते म्हणाले होते की पुण्याचा कागद येऊ दे, तो काय म्हणतो ते बघू, तो म्हणेल तसं करू. म्हणून ती एकेक प्रश्न खरा खरा वाचून आली होती.

मी म्हणालो, ठीक आहे, जा.

ती गेल्यावर मी तिची उत्तरपत्रिका पुढ्यात घेऊन बसलो. मी काही वाईट माणूस नव्हतो, असं मला तेव्हाही वाटत होतं. बासष्टांत एक कागद वेगळा पडला तर बिराजदार सर आधी कुणाला बोलावतील, हे मला माहीत होतं. मी खोडरबर काढलं. सत्त्याऐंशी गोल खोडले आणि त्यांच्या जागी यादीबरहुकूम सत्त्याऐंशी नवे गोल केले. कागद कुठे फाटू दिला नाही. कामात मी तसा नीटनेटका.

फेब्रुवारीच्या अखेरीस निकाल आला. लोकजागर विद्यालयाच्या बासष्टपैकी बासष्ट विद्यार्थ्यांचा कल 'परिचर्या व रुग्णसेवा' याकडे होता. त्यांत आमचा कबड्डीचा कप्तान होता, ज्याने त्या वर्षी दोन शाळांच्या मुलांचे हात मोडले होते. रक्त पाहिलं की घेरी येणारी पाटलांची जुळी मुलं होती. नर्सिंगमध्ये पुरुषांनाही घेतात का, असं काझी नावाच्या मुलाने मला विचारलं आणि मी घेतात म्हटल्यावर तो दिवसभर गप्प होता. निकालासोबत संस्थेचं एक पत्र होतं, 'आपल्या शाळेचा निकाल लक्षणीय असून त्याबाबत खुलासा व्हावा.' बिराजदार सरांनी ते 'लक्षणीय'पर्यंत वाचलं. तो शब्द त्यांनी रंगीत खडूने दर्शनी फळ्यावर लिहवून घेतला.

मग सत्कार समारंभ. मंडप, हार, स्पीकर, सगळं होतं. माळसांगवीच्या मातीतच सेवाभाव आहे, असं आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष म्हणाले. एका मुलाची आई माझ्याजवळ आली. तो मुलगा दोनदा नववीत बसला होता. वाचता येत नाही म्हणून तिने मला कागद वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. तिने विचारलं, यात त्याच्याविषयी वाईट काही लिहिलंय का? मी नाही म्हणालो. कुठंच नाही का, असं तिने पुन्हा विचारलं, आणि कागदाची चार पदरी घडी करून तो पदराच्या गाठीत बांधला. मला तिच्याकडे बघवेना.

पहिला नंबर अंबिका म्हेत्रेचा आला होता. अठ्ठ्याण्णव टक्के. बाकीची मुलं पाठांतरात कुठे ना कुठे चुकली होती. तिची उत्तरपत्रिका मी स्वतः भरली असल्यामुळे फारसं चुकण्याचा प्रश्न नव्हता. तिच्या वडिलांना, मल्लिनाथ म्हेत्रेंना, स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला तो जाडजूड माणूस शाल सावरत अक्षरशः लाजत होता. अंबिकाने कागद हातात घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि मान वर करून गर्दीत मला शोधलं. खाली आल्यावर पाण्याच्या टाकीपाशी मला गाठून एवढंच म्हणाली, "सर, मी घड्याळ लिहिलं होतं."

"तपासणी पुण्याचं मशीन करतं," मी म्हणालो. "मशीन चुकत नाही."

आज इतक्या वर्षांनी सांगतो, खोडरबरापेक्षा मला ते वाक्य जास्त छळतं.

दहा दिवसांनी बोर्डाची हॉलतिकिटं वाटताना तिने सहीसाठी हात पुढे केला. नखं स्वच्छ होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दुकानात जात नाहीस का हल्ली? ती म्हणाली, बाबांनी तारेला हात लावायला बंदी केलीय, नर्सचे हात चांगले पाहिजेत म्हणतात. सही करून ती गेली. तिच्यामागच्या मुलाने सर, सर म्हणत दोनदा हाक मारली तेव्हा मी भानावर आलो.

दुपारच्या सुट्टीत मी सायकल काढून म्हेत्रेंच्या दुकानात गेलो. भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, पुण्याचा कागद काचेच्या चौकटीत लावलेला होता. म्हेत्रे एका मोटारीतून जळकी तार ओढून काढत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत मी सगळं बोलून टाकलं.

त्यांनी तार खाली ठेवली. म्हणाले, "अंबीनं पाठवलं तुम्हाला?"

मी म्हणालो, तिला ठाऊकही नाही. ते हसले. सरांना पोरीची दया आली असेल, असं ते म्हणाले. शिकवणाऱ्याचं मन असं असतंच, पण पुण्याची माणसं एवढी मशिनं लावून बसलेत ती काय उगाच? मग ते आपणहून सांगू लागले. अंबिकाची आई सोलापूरच्या दवाखान्यात दीड महिना होती. म्हेत्रेंना तिथे कुणी धड उत्तर देत नसे. डॉक्टर चालता चालता बोलायचे. एक सिस्टर तेवढी रोज थांबायची, काय चाललंय ते समजावून सांगायची, बायको गेली त्या दिवशी तिनेच म्हेत्रेंना खुर्चीवर बसवून पाणी दिलं. "तवाच मनात आलं होतं सर, पोरीला असं काहीतरी करावं. बोललो न्हाई कुणाला. आणि पुण्याचा कागद बरोब्बर तेच घेऊन आला. आता तुम्ही म्हणताय तो खोटा."

मी मान डोलावली.

"लिहून द्या," म्हेत्रे म्हणाले.

मी विचारलं, काय लिहून देऊ?

"हेच. जे बोललात ते. त्यांनी लिहून दिलंय, तुम्ही तोंडी बोलताय. मी कुणाचं ऐकू?"

त्यांनी पावती पुस्तकातलं एक पान फाडून उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तोवर चहा आला होता. मी तो पिऊन घेतला, तेवढीच दोन मिनिटं मिळाली. शिफारशीचा कागद अजून बिराजदार सरांच्या खणात होता. गावी आई सगळ्यांना सांगून बसली होती की जूनमध्ये पोरगा कायम होतोय. आणि समोरचा माणूस बायकोच्या आठवणीने ठरवलेली गोष्ट मोडायला तयार होता, फक्त त्याला एक सही हवी होती.

मी लिहिलं, 'कु. अंबिका मल्लिनाथ म्हेत्रे हिच्या उत्तरपत्रिकेतील सत्त्याऐंशी उत्तरे मी स्वतः खोडून बदलली आहेत. तिचा कल नर्सिंगकडे नाही.' म्हेत्रेंनी वाचलं.

"मग कशाकडं हाय?"

"यंत्रांकडे. तिची खरी उत्तरं मी वाचली होती."

"तेबी लिहा की मग."

तेही लिहिलं. सही केली, तारीख घातली, पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. म्हेत्रेंनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला. मला वाटलं, ते तो खिशात ठेवतील. मी सायकलवर टांग टाकेपर्यंत त्यांनी डिंकाची बाटली काढली होती. कागद त्यांनी भिंतीवर, पुण्याच्या चौकटीच्या बरोबर खाली चिकटवला. त्यांच्या दृष्टीने तो अधिकृत कागद होता आणि अधिकृत कागदाची जागा भिंतीवरच होती.

उन्हाळ्याचे दिवस, मोटारी जळायचा हंगाम. आठवडाभरात अर्ध्या तालुक्याने तो कागद वाचला. नवव्या दिवशी शाळेच्या बोअरची मोटार गेली आणि ती घेऊन आमचा शिपाई म्हेत्रेंकडे गेला. दहाव्या दिवशी बिराजदार सर मोटार किती दिवसांत होईल ते विचारायला स्वतः गेले आणि भिंतीवरचा कागद वाचून आल्यावर त्यांनी मला बोलावलं.

केबिनचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. मी कबूल केलं. ते ओरडले नाहीत. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला काढलं तर कारण लिहावं लागेल."

ते माझ्याकडे वळले.

"आणि ते कारण लिहिलं तर उरलेल्या एकसष्टांचं काय?"

त्यांनी खणातून माझ्या शिफारशीचा कागद काढला. माझ्यासमोर त्यावर सही केली, शिक्का मारला आणि शेजारी एक बदलीचा आदेशही लिहवून घेतला. आमच्या संस्थेची एक शाखा होती डोंगराकडेला, उंडेवाडीला. तिथे एसटी दिवसातून एकदा जायची आणि वाटेत तिची मर्जी असेल तर परतही यायची. अशा रीतीने मी एकाच दिवशी कायम झालो आणि दिसेनासा झालो. मी सेवाभावाने दुर्गम भागात जायचं स्वीकारल्याबद्दल बिराजदार सरांनी निरोपाच्या भाषणात माझं कौतुक केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रंक घेऊन मी स्टँडवर उभा होतो. अंबिका सायकलवरून आली. तिच्या हातात आयटीआयचा फॉर्म होता. पालकाची सही झाली होती, शाळेच्या माणसाची साक्षीची सही हवी होती. मी ट्रंकेवर फॉर्म ठेवून सही केली. आनंद झाला ना, असं मी तिला विचारलं. त्या दिवशी थोडी कृतज्ञता माझ्या वाट्याला यायला हरकत नव्हती, असं मला वाटत होतं.

ती फॉर्मची घडी घालत म्हणाली, "सर, तीन वर्षं मी बाबांना सांगत होते. त्यांनी पुण्याचं ऐकलं. मग तुमचं ऐकलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त मला मोजून सांगत होती. फॉर्म दप्तरात ठेवून ती म्हणाली, येते सर, आणि सायकल वळवून निघून गेली. पुढे तिने कोर्स पूर्ण केला, दोन वर्षं एका कारखान्यात काढली आणि मग दुकान हाती घेतलं. आता सबमर्सिबल पंपांचं काम आसपासच्या चार तालुक्यांत तिच्याइतकं चांगलं कुणी करत नाही, असं लोक सांगतात. मी पुन्हा तिथे गेलो नाही.

उंडेवाडीतही व्यवसाय मार्गदर्शन शिक्षक मीच होतो, कारण तिथे आम्ही तिघेच होतो. दहावीच्या वर्षी मी एकेक पालक शाळेत बोलावून घ्यायचो. आई किंवा बाप, जे येईल त्याला बाकावर बसवायचो, समोर त्यांचं मूल बसवायचो आणि काही कागद वगैरे न देता स्वतः बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचो. पहिली दहा-पंधरा मिनिटं आतून काही आवाज यायचा नाही. कुणी खोकायचं, कुणी बाक सरकवायचं. एखादा बाप वैतागून बाहेर डोकावायचा आणि सर, तुम्ही काहीतरी सांगा की, म्हणायचा. मी त्याला हाताने आत बसायची खूण करायचो आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहायचो, आत कुणीतरी त्या मुलालाच विचारेपर्यंत.